भूकंपाचा नकाशा आणि विहिरीची भिंत

"आपल्या पायाखाली कातळ आहे, मग आपल्याला भूकंपाची भीती कशाला?" जुन्नर-आंबेगावच्या शाळेत भूकंपाचा धडा निघाला, की हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. त्याच वर्गात नेमका उलटा प्रश्नही येतो: "हा सगळा ज्वालामुखीचा प्रदेश आहे म्हणतात, तर तो पुन्हा जागा होईल का?" दोन्ही प्रश्नांना बहुधा एकच उत्तर मिळते. शिक्षक भिंतीवरच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशाकडे बोट दाखवतात, पुणे जिल्हा तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याच्या रंगात आहे असे सांगतात, आणि धडा पुढे सरकतो.

माझी तक्रार या उत्तराविषयी आहे. नकाशा खोटा नाही. पण मुलांनी जे विचारले, त्याचे उत्तर त्यात नाही.

ज्वालामुखीचा प्रश्न आधी निकालात काढू. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला, आणि तो शंकूच्या आकाराच्या डोंगरांतून कमी व जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून अधिक. शिवनेरी, हडसर किंवा जीवधन हे विझलेले ज्वालामुखी नव्हेत. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले आणि नद्यांनी व पावसाने ते कोरून काढले, त्यातून उरलेले हे अवशेष आहेत. येथे आता जागे होण्यासारखे काही उरलेले नाही. तरीही ज्वालामुखीचा प्रदेश असण्याचा भूकंपाशी एक संबंध आहेच. भूकंप कोठे होईल हे लाव्हा ठरवत नाही, पण तो झाल्यावर कोणत्या वाडीत काय जाणवेल, हे लाव्ह्याने मागे ठेवलेल्या थरांवर बरेच अवलंबून असते.

आता कातळाविषयी. कातळ म्हणजे निर्धास्त, ही समजूत कोयनेने फार पूर्वीच मोडीत काढली आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण पक्क्या बेसाल्टवर उभे आहे. धरणाच्या भिंतीतील गॅलरीत बसवलेल्या त्वरणमापकाने त्या पहाटे, धरणाच्या लांबीच्या दिशेने, गुरुत्वत्वरणाच्या ६३ टक्के इतके त्वरण नोंदवले. धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी ५ टक्के धरले होते! यंत्र भिंतीच्या आत असल्याने नोंदीत धरणाच्या स्वतःच्या हालचालीचाही काही वाटा असणार, हे मान्य करू. तरी हा आकडा कातळाच्या बाजूने साक्ष देणारा नाही.

याचे कारण सोपे आहे. आपला काळा कातळ म्हणजे एक झाकण आहे. कोयनेजवळ रासाटी येथे घेतलेल्या खोल विवरात सुमारे ९३० मीटर जाडीचा बेसाल्ट लागला, त्यात लाव्ह्याचे ४७ थर मोजता आले, आणि खाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक सुरू झाला. किल्लारीला हेच झाकण केवळ ३३८ मीटर जाडीचे निघाले. भूकंपाचा जन्म होतो तो झाकणाखालच्या जुन्या, भेगाळलेल्या खडकात, काही किलोमीटर खोलीवर. तेथे खडक सरकला की वरचा बेसाल्ट त्याला अडवू शकत नाही. उलट कठीण खडकातून जलद कंपनांच्या लहरी फारशा न मंदावता दूरवर जातात. टेबलाच्या एका टोकाला टिचकी मारून दुसऱ्या टोकाला कान लावला, की हे कळते. टेबलावर गादी अंथरून हाच प्रयोग करावा, म्हणजे फरकही कळतो.

नकाशाकडे वळू. १९६२ च्या पहिल्या संहितेत देशाची शून्य ते सहा अशी सात क्षेत्रे होती आणि कोयनेचा परिसर जवळजवळ निर्धोक मानलेल्या भागात होता. १९६७ नंतर नकाशा बदलला आणि १९७० च्या आवृत्तीत कोयना चौथ्या क्षेत्रात गेले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी हादरले, तेव्हा ते गाव पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होते. २००२ च्या आवृत्तीत पहिले क्षेत्रच काढून टाकले गेले. म्हणजे आपल्या राज्यात दोनदा भूकंप आधी आला आणि रंग मागाहून. यात नकाशा करणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही, कारण ज्ञात भूकंपांच्या नोंदींवरच असा नकाशा करता येतो. मात्र वर्गात तो भविष्यकथनासारखा वाचून दाखवला जातो, ते चूक आहे.

त्याहून मोठी अडचण प्रमाणाची आहे. नाणेघाटाच्या काठापासून नारायणगावपर्यंत, भीमाशंकरच्या जंगलापासून मंचरच्या बाजारपेठेपर्यंत सारा भाग नकाशात एकाच रंगाचा. प्रत्यक्षात घाटमाथ्याकडे उघडा कातळ किंवा त्यावर वीतभर माती. उतारांवर कुजलेल्या खडकाचे आणि तांबड्या मातीचे जाड पांघरूण. पूर्वेकडे कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या काठी गाळाचे आणि काळ्या मातीचे थर. कुकडीकाठच्या बोरी गावाजवळ या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थरही सापडला आहे. ती राख दख्खनची नव्हे, थेट सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. (ती टोबाच्या कोणत्या उद्रेकातली, यावर संशोधकांचा वाद आहे. तो एका वेगळ्या लेखाचा विषय होईल.) आपल्यापुरते महत्त्वाचे इतकेच, की येथे कातळाच्या वर बाहेरून येऊन साचलेले, मऊ असे बरेच काही आहे आणि त्याची जाडी शेतागणिक बदलते.

या मऊ थराने काय होते? समुद्राची लाट किनाऱ्याजवळ येऊन मंदावते तेव्हा उंच होते, हे आपण पाहिलेले असते. भूकंपलहरीचेही तसेच. इमारतींना मुख्य त्रास देणारी आडवी हलवणारी लहर पक्क्या बेसाल्टमधून सेकंदाला सुमारे २,००० मीटर किंवा अधिक वेगाने जाते, मऊ मातीतून साधारण २०० मीटर वेगाने. मागून येणारी ऊर्जा तेवढीच असते आणि वेग दहा पटींनी घटतो, त्यामुळे हेलकावा वाढतो. वेग आणि घनता दोन्ही हिशेबात घेतली, तर कातळावरच्या एक सेंटिमीटर हालचालीची मातीवर सुमारे चार सेंटिमीटर होते.

पण गोष्ट येथे संपत नाही. मातीचा थर हा पाळण्यासारखा असतो आणि त्याचा स्वतःचा झोका असतो. पाळण्याला त्याच्या झोक्याच्या तालावर धक्के दिले, की तो हळूहळू मोठा हेलकावा घेऊ लागतो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. थराच्या झोक्याचा आवर्तकाल काढण्याचे सूत्र आठवी-नववीच्या मुलालाही झेपेल: थराच्या जाडीची चौपट करा आणि तिला लहरीच्या वेगाने भागा. इमारतीलाही तिचा झोका असतो. ढोबळ मानाने जितके मजले, तितके सेकंदाचे दहावे भाग. थराचा आणि इमारतीचा झोका जुळला, की खरे नुकसान सुरू होते.

पाठ्यपुस्तकांत आणि लोकप्रिय लेखांत या ठिकाणी हमखास मेक्सिको सिटीचे उदाहरण येते. उदाहरण उत्तम आहे. ते शहरही ज्वालामुखींनी वेढलेल्या खोऱ्यात, जुन्या तळ्याच्या चिखलावर वसलेले आहे. १९ सप्टेंबर १९८५ चा भूकंप साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर, पॅसिफिकच्या किनाऱ्याशी झाला. शहराच्या कठीण जमिनीवर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ३ ते ४ टक्के होते, तळ्याच्या चिखलावर १७ टक्क्यांच्या आसपास. तेथील चिखलाचा थर सुमारे ३८ मीटर आणि लहरीचा वेग सुमारे ७५ मीटर धरला, तर आपल्या सूत्राने आवर्तकाल दोन सेकंद येतो. म्हणून तेथे मध्यम उंचीच्या अनेक मजली इमारती मोठ्या संख्येने कोसळल्या आणि बुटक्या जुन्या इमारती त्या मानाने बचावल्या.

उदाहरण चांगले असले, तरी ते आपल्याकडे जसेच्या तसे लावले की धडा उलटा शिकला जातो. मुलांच्या मनात पक्के बसते, की मऊ जमीन उंच इमारतींना घातक आणि आपली बैठी घरे सुरक्षित. आता जुन्नरचा हिशेब करू. काळी माती आणि मऊ मुरूम मिळून पाच मीटर, लहरीचा वेग २००, खाली कातळ. चार गुणिले पाच भागिले दोनशे, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. हा झोका एकमजली घराचा आहे! गाळ वीस मीटर असेल, तर ०.४ सेकंद येतात, म्हणजे साधारण चार मजली इमारत. मेक्सिकोत जाड चिखलाने मोठ्या इमारती निवडल्या. आपल्याकडे पातळ माती नेमकी बैठी घरे, शाळेच्या खोल्या, देवळांचे सभामंडप निवडते. मंचर, नारायणगाव अशा बाजारपेठेच्या गावांत नदीकाठच्या जाड गाळावर खाली दुकानांसाठी मोकळा मजला सोडून वर तीन-चार मजले चढवायचे ठरवले, तर तेथेही हिशेब जुळतो आणि तो आपल्या फायद्याचा नसतो.

ही गोष्ट तज्ज्ञांच्या रूढ मोजमापांतूनही निसटते, हे मला अधिक गंभीर वाटते. जगभर जमिनीचा प्रकार ठरवताना वरच्या तीस मीटरमधील लहरीचा सरासरी वेग काढण्याची पद्धत आहे. आपल्या पाच मीटर मातीखाली पंचवीस मीटर कातळ आहे असे धरा. लहरीला माती ओलांडायला ०.०२५ सेकंद लागतात आणि कातळ ओलांडायला ०.०१२५. तीस मीटरला एकूण ०.०३७५ सेकंद, म्हणजे सरासरी वेग ८०० मीटर. अमेरिकेत रूढ झालेल्या वर्गवारीत ७६० च्या वर वेग असला, की जमीन 'खडक' ठरते. म्हणजे ज्या जागी माती एकमजली घराच्या तालावर हलणार, तिच्यावर कागदोपत्री खडकाचा शिक्का बसतो. ही पद्धत जेथे रुजली, त्या कॅलिफोर्नियासारख्या प्रदेशात वेग खोलीबरोबर हळूहळू वाढत जातो आणि तेथे ती बऱ्यापैकी चालते. पातळ माती आणि तिच्याखाली एकदम कठीण कातळ, अशा आपल्या रचनेत सरासरीने नेमकी महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. कातळावर बसलेल्या माणसाच्या आणि विहिरीत उतरलेल्या माणसाच्या उंचीची सरासरी काढावी, तसा हा प्रकार.

आपल्या भारतीय मानक १८९३ या संहितेच्या २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांतही असेच घडले. त्यांत कठीण, मध्यम आणि मऊ असे जमिनीचे तीन प्रकार होते. पण ०.१ ते ०.४ सेकंद आवर्तकालाच्या, म्हणजे बैठ्या ते चार मजली इमारतींसाठी तिन्ही प्रकारांना एकच गुणक दिला होता: २.५. जमिनीचा फरक सुरू होत असे तो त्याहून उंच इमारतींपासून. संहिता करणाऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे. फार जोरदार हादऱ्यात मऊ माती स्वतःच लुळी पडते, ऊर्जा शोषते आणि वाढीला मर्यादा घालते. हे खरे आहे. मात्र आपल्याकडे अधिक संभवतात ते मध्यम हादरे, आणि त्यांत माती इतकी लुळी पडत नाही. शिवाय खेड्यातले दगडी घर बांधताना कोणी संहिता उघडून बसत नाही, हे वेगळेच.

आता दुसऱ्या टोकाच्या समजुतीकडे वळले पाहिजे, कारण जमिनीखालच्या रचनेचे महत्त्व पटले, की माणसे जमिनीखालच्या प्रत्येक गोष्टीला घाबरू लागतात. आपल्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा विटकरी रंगाचा मऊ पट्टा असतो. घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडीत तो सहज दिसतो. त्याच्या जोडीला भोकाभोकांचा, पांढऱ्या गारांनी भरलेला सच्छिद्र दगड असतो. "कातळाखाली मऊ थर, म्हणजे केवढा धोका!" असे कोणालाही वाटेल. पण लहरीलाही थर 'दिसावा' लागतो. सेकंदाला पाच कंपने करणारी लहर कातळात २,००० मीटर वेगाने जात असेल, तर तिची लांबी ४०० मीटर होते. एवढ्या लांबीच्या लहरीला मीटरभराचा तांबडा पट्टा म्हणजे बैलगाडीच्या चाकाखालचा खडा. ती त्या पट्ट्याची दखलही घेत नाही. दहा-वीस मीटरचे कठीण-मऊ थर आलटून पालटून असले, तरी तिला जाणवते ती त्यांची सरासरी. लहर हळू झाली, की तिची लांबी आखडते. वरच्या मातीत सेकंदाला दहा कंपनांची लहर केवळ वीस मीटर लांब असते आणि तिच्या दृष्टीने पाच मीटरचा थर मोठा असतो. म्हणून हादऱ्यापुरते बोलायचे, तर खोलवरच्या तांबड्या पट्ट्यापेक्षा आपल्या अंगणाखालची माती महत्त्वाची. तोच पट्टा उतारावर मात्र पाणी अडवतो आणि वरचा भाग निसटायला मदत करतो. तेथे तो जरूर पाहावा.

उतारांविषयी आंबेगाव तालुक्याला कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. ती दुर्घटना अतिवृष्टीची होती, भूकंपाची नव्हे, आणि दोन्हींची सरमिसळ करू नये. पण जे खाली आले ते कातळाच्या अंगावरचे कुजलेल्या खडकाचे व मातीचे पांघरूण होते. भूकंपात हादरा वाढवणारे पांघरूणही तेच. त्यातून डोंगराच्या सोंडेवर आणि माचीच्या कडेला लहरी एकवटून हादरा आणखी वाढू शकतो. उतार कापून एका बाजूला आणि निघालेली माती दुसऱ्या बाजूला भरून केलेल्या सपाट जागेवर एकच इमारत अर्धी कातळावर व अर्धी भरावावर येते. दोन पायांनी दोन होड्यांवर उभे राहण्यासारखे ते आहे. भर पावसाळ्यात हादरा आला, तर हे सगळे प्रश्न एकत्र येतील.

किल्लारीचे सगळे खापर काळ्या मातीवर फोडण्याची चर्चाही अधूनमधून ऐकू येते. तिथेही जपून बोलावे. तो भूकंप उथळ होता आणि गावांच्या अगदी जवळ झाला. असा हादरा कोणत्याही जमिनीवर जबर बसला असता. सुमारे ८,००० माणसे गेली, ती मुख्यतः मातीच्या गाऱ्यात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर येऊन. झोपेच्या वेळी, पहाटे चारच्या सुमारास. काळ्या मातीचा एक दोष मात्र भूकंपाआधीच काम करत असतो. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षी भिंतींना चिरा पाडते. हादरा येतो तेव्हा भिंत आधीच दुबळी झालेली असते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या आणि पुष्कळशा शाळाखोल्यांच्या भिंतीही मातीच्या गाऱ्यातल्या आहेत, हे येथे आठवावे. गवंडी 'पक्के लागेपर्यंत' पाया खणायचा आग्रह धरतो, तो मीटर-दीड मीटर मातीच्या जागी अगदी योग्य आहे. माती पाच मीटर असेल, तर तो आग्रह परवडत नाही आणि मग भिंतींना आडव्या पट्ट्यांनी बांधून घेणे, कोपरे सांधणे याला पर्याय राहत नाही.

राहता राहिले वर्गात काय करायचे ते. नकाशा भिंतीवर राहू द्यावा, पण त्याच्या शेजारी गावातल्या विहिरींची एक वही टांगावी. आपल्या भागात न बांधलेल्या विहिरीची भिंत म्हणजे उघडे पुस्तक असते: वर काळी, मग पिवळसर मुरूम, मग काही ठिकाणी विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र दगड, मग काळा कातळ. मुलांनी विहिरीच्या काठावर वाकू नये. धोंडा बांधलेला, गाठी मारून खुणा केलेला दोर शिक्षकांनी सोडावा आणि मुलांनी दुरून मोजणी लिहावी. बांधीव विहिरीची माहिती ती खणणाऱ्याकडून किंवा शेताच्या मालकाकडून मिळते. मंचरच्या परिसरात कोणाला पांढऱ्या, बोटभर लांब स्फटिकांचा दगड सापडला, तर त्याचा तुकडा जपून ठेवावा. फेल्स्पारचे मोठे स्फटिक असलेला हा लाव्ह्याचा थर भूवैज्ञानिकांच्या लेखनात मंचरच्याच नावाने ओळखला जातो आणि थरांचा क्रम लावताना तो खुणेच्या दगडासारखा उपयोगी पडतो.

प्रत्येक विहिरीसाठी मऊ थराची जाडी काढावी. काळ्या मातीला २०० आणि घट्ट मुरमाला ५०० मीटर वेग धरून लहरीला वर यायला लागणारा वेळ काढावा, दोन्ही वेळांची बेरीज करावी आणि तिला चाराने गुणावे. तीन मीटर माती आणि पाच मीटर मुरूम असेल, तर ०.०१५ अधिक ०.०१, म्हणजे ०.०२५, गुणिले चार, ०.१ सेकंद. गावाच्या कच्च्या नकाशावर हा आकडा विहिरीजवळ लिहावा, आणि जवळच्या घरांचे मजले त्याच्या शेजारी. शाळेचेही. हे उत्तर ढोबळ आहे, कारण वेग आपण गृहीत धरले आहेत, मोजलेले नाहीत. माती आणि मुरूम यांचे दोन झोके एकमेकांत मिसळतात, तेही या बेरजेत पुरते उतरत नाही. इमारतीचा आराखडा यावर कोणी करू नये. कोणत्या आळीत माती पातळ आणि कोणत्या आळीत जाड, एवढे मात्र त्यातून नीट कळते. मोजणी उन्हाळ्यात एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा करावी, आणि दोन्ही वेळी पाण्याची पातळीही टिपावी, कारण भिजलेली काळी माती सुकलेल्या मातीपेक्षा मऊ असते, तिच्यातला वेग २०० हून बराच खाली येऊ शकतो आणि त्याच विहिरीचा आवर्तकाल त्या प्रमाणात वाढतो.